सात टोप्यांची पेटी

१५ मार्च १९९८, रविवार

या वहीची पहिली चाळीस पानं अर्थशास्त्राची आहेत. ती फाडली नाहीत. कॉलेज का सोडलं याचा कधी विसर पडला तर उघडून बघावीत म्हणून ठेवली आहेत. तसा विसर पडणार नाहीच. भित्तिपत्रकातला लेख माझा, तीन रविवार घालवून लिहिलेला, आणि खाली नाव कॉलेजच्या सेक्रेटरींच्या पुतण्याचं! सरांकडे गेलो तर म्हणाले, "अरे, लेख लागला ना भिंतीवर? मग?" त्या "मग"वर मी डस्टर फेकला. तो फळ्याला लागला, हे माझं दुर्दैव. दुसरं वर्ष अर्ध्यात टाकून घरी आलो. दादा, म्हणजे माझे वडील, कोरेगाव भीमाला कंपनीत वॉचमन आहेत, महिन्यातून दोनदा येतात. आले, सगळं ऐकलं आणि जेवायला बसले. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आता सकाळच्या शटलने केडगावहून दौंडला जातो आणि हौसराव मामांच्या बाइंडिंगच्या दुकानात बसतो. मामा सख्खे नव्हेत, सगळं दौंड त्यांना मामाच म्हणतं. रजिस्टरं शिवायची, पुठ्ठे कापायचे, खळ ढवळायची. कवी होणार होतो मी!

पण आज वही काढली ती या रडगाण्यासाठी नाही. आज साखरबाई काकू आमच्या दारात आल्या. अनुपमाची आई. आमच्या दारात!

"शंभू, पुठ्ठ्याचं काम तू लई झ्याक करतूस म्हणं. आमच्या अनुपमाला एक पेटी पायजे. टोप्या ठेवायला. सात टोप्या ऱ्हातील अशी. बघणाऱ्यानं तोंडात बोट घातलं पायजे, अशी नक्षी कर."

"कवापतूर पायजे, काकू?"

"वैशाख लागायच्या आत दे म्हंजी झालं."

आई चूल सारवत होती. ती काही बोलायला वळली, पण काकूंनी तिच्याकडे बघितलं आणि ती पुन्हा चुलीकडे तोंड करून बसली. बायकांचं आपापसात काय चालतं, देव जाणे.

टोप्या म्हणजे अनुपमाच्या वडलांच्या, आबांच्या. दुसऱ्या कोणाच्या असणार? आबा नुकतेच दूध संस्थेचे चेअरमन झालेत. दिवसाआड सत्कार. टोपी, टॉवेल, नारळ. नारळ फुटतात, टॉवेल गड्यांना जातात, टोप्या मात्र साठत राहतात. आबांना मुलगा नाही. अनुपमा आणि सहावीतली धनश्री, दोघी मुलीच. म्हणजे उद्या आबांच्या पाठीशी उभं राहायला कोण? जावई! सरळ लिहून ठेवतो: आबांचं मन माझ्याकडे वळावं म्हणून अनुपमाने ही वाट काढली आहे. गावात टेलर आहे, सुतार आहे, पण आठवण माझीच झाली.

१७ मार्च

मामांकडे बत्तीस औंसाचा जाड पुठ्ठा मागितला. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "रजिस्टराला चोवीस पुरतो. तू काय किल्ला बांधतूयास का काय?"

"चेअरमनसाहेबांच्या टोप्यांची पेटी हाय."

"मग आधी माप आण. पेटी मापानं हुती शंभू, मनानं न्हाई."

हे मला सांगतात! गेल्या आठवड्यात ग्रामपंचायतीचं रजिस्टर उलटं कोणी शिवलं होतं?

२२ मार्च, रविवार

धनश्री चिठ्ठी घेऊन आली. अनुपमाचं अक्षर. वेलांटी अशी काढते की नजर त्यातच अडकून राहते. लिहिलंय, "सात कप्पे. टोपी २१ नंबर." एवढंच. खाली सहीसुद्धा नाही. लाजली असणार.

पण एकवीस? टोपीचा नंबर म्हणजे डोक्याचा घेर, इंचात. आबांचं डोकं तेवीसचं आहे. केडगावच्या दुकानदाराला त्यांच्यासाठी टोपी वेगळी मागवावी लागते, हे लहान पोरांनासुद्धा ठाऊक आहे. एकवीस तर वाळक्या माणसाचं माप. प्रेमात पडलेल्या माणसाचं आकड्यांवरचं लक्ष उडतं. माझंही तसंच आहे, पण मी निदान खात्री करून घेतो. आबांच्या वाड्यामागे दोरीवर टोप्या वाळत होत्या. वळचणीला उभा राहून सुतळीने एक टोपी मोजली. घडी घातलेली टोपी साडेअकरा इंच. तेवीसच. तेवढ्यात त्यांचं कुत्रं अंगावर आलं. सुतळी सोडली नाही.

कप्पे साडेअकराच्या हिशोबाने करणार. अनुपमाची चूक परस्पर सुधारली. तिला कळेल तेव्हा तिच्या डोळ्यात पाणी येईल.

२८ मार्च, पाडवा

झाकण वाकलं! चार दिवसांची मेहनत. वरून हिरवा अबरी कागद चिकटवला, तो लाटांलाटांचा रंगीत असतो ना, तो. उन्हात वाळत ठेवला तर पुठ्ठा पापडासारखा वर आला. सणाचा दिवस, समोर गुढी, हातात पापड. पेटी उचलून उकिरड्यावर फेकली. आईने जाऊन परत आणली, पदराने पुसली आणि ओट्यावर ठेवली.

३० मार्च, सोमवार

मामांना झाकणाचं सांगितलं तर दुकान हलेपर्यंत हसले. "गड्या, वरनं वली खळ लावलीस की कागुद सुकताना पुठ्ठ्याला वडतो. मग आतनंबी कागुद लावायचा. दोन्हीकडनं वड बसली म्हंजी पुठ्ठा सरळ ऱ्हातो. आन् उनात न्हाई, वजनाखाली सुकवायचा. पाटा ठेव वर." मग म्हणाले, "खळीत मोरचूद टाकलास का? न्हाईतर झुरळं खातील तुझ्या चेअरमनला."

मोरचूद घातला. खळ निळसर झाली, हातही. नीट राहणाऱ्या गोष्टीला दोन्हीकडून ओढ लागते म्हणे. ही ओळ कवितेत घालीन.

५ एप्रिल, रविवार

आत साधं कापड लावणार नाही. आईच्या ट्रंकेत डाळिंबी रंगाचा खण होता, हिरव्या काठाचा, कधीच न शिवलेला. कापून झाल्यावर आईने बघितलं. मी म्हटलं, "नुसता पडून हुता." ती दोन्ही तुकडे हातात घेऊन बसली. मग म्हणाली, "पडून न्हवता. ठेवला हुता." आणि तुकडे माझ्या हातात देऊन भाकरी थापायला गेली. ठेवलेला आणि पडलेला यात फरक काय? बोलायचं तर सरळ बोलावं माणसाने!

मात्र खण सात कप्प्यांत असा बसलाय की सराफाच्या डबीसारखी आतून पेटी चमकते. झाकणावर आरशाचे तुकडे, कडेने मण्यांची वेल.

१२ एप्रिल, रविवार

अनुपमा आली. धनश्रीला घेऊन. मी शर्ट बदलेपर्यंत ती ओट्यावर पेटीजवळ बसलेली.

झाकण उघडून तिने खणावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "शंभू, एवढं जिवावर उदार होऊन करू नकोस रे. पेटीच आहे."

"तुझ्यासाठी पेटी काय..." धनश्री टक लावून बघत होती.

"कॉलेज सोडलंस ते चुकलंच," ती म्हणाली. "हात एवढा चालतो. जूनला परत जा."

"बघू."

"वैशाखात आहेस ना इथं? येशील ना तू घरी?"

"तू बोलावल्यावर न येऊन कसं चालंल?"

ती उठली. जाताना आईच्या पाया पडली. आमच्या आईच्या! मी काही आंधळा नाही. पोरगी उगाच कुणाच्या आईच्या पाया पडत नाही. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि गेल्यावर डोळे पुसले. आनंदाने.

म्हणाली, "शंभू, तुला एक सांगायचं हाय..."

"आई, खळ सुकतीया. मागनं सांग."

१९ एप्रिल, रविवार

पेटी दिली. आता खरी गोष्ट लिहितो, कारण ही वही कोणी वाचत नाही.

सातव्या कप्प्याला दोन तळ आहेत. वरचा तळ सुटा आहे. त्याला हिरवी रेशमी दोरी लावलीय, दिसायला नक्षीच वाटते. ओढली की तळ उचलतो आणि खाली माझं पत्र. अनुपमाच्या नावाने, माझ्या सहीने. काय लिहिलंय ते इथे लिहिणार नाही. तीन पानं आहेत. आबांच्या टोप्या घडी करून ठेवायचं काम तिचंच असतं, म्हणजे दोरी तिच्याच हाताला लागणार.

काकूंनी पेटी घेतली, उजेडात फिरवली, "या बया!" म्हणाल्या. आबांच्या अंगणात मांडववाला दोरीने मापं घेत होता. सत्कार चांगलाच मोठा दिसतोय.

२४ एप्रिल, शुक्रवार

मामांनी पत्रिकांचा गठ्ठा समोर टाकला. प्रेसमधून छापून आलेल्या. घड्या घालून पाकिटात भरायच्या. गणपती, मग श्री, मग नावं. मी घड्या घालत होतो. सत्तर-ऐंशी झाल्या असतील. हात आपले चाललेले, डोळे खिडकीबाहेर. एक पत्रिका उलटी आली म्हणून सरळ केली आणि वाचली.

चि. सौ. कां. अनुपमा. चि. रविराज, कवठे येमाई. वैशाखात. गुरुवार, सात मे. विवाहस्थळ: वधूपित्याचं घर, केडगाव.

ऐंशी पत्रिकांच्या घड्या मी घातल्या. माझ्या या हातांनी.

मामा म्हणाले, "काय झालं रं?" मी उरलेला गठ्ठा त्यांच्या पायाशी आपटला आणि स्टेशनवर येऊन बसलो. तीन गाड्या गेल्या. चौथीने आलो.

घरी आल्या आल्या आईला विचारलं, "तुला म्हाईत हुतं?"

"समद्या गावाला म्हाईत हाय," ती म्हणाली. "तुला सांगायला गेलं की तुझी खळ सुकती."

२५ एप्रिल

काकूंकडे गेलो. पेटी परत मागितली. अंगणात बायका शेवया करत होत्या. त्यांच्यासमोर!

"परत कशापायी? रुखवतात मांडायची हाय की ती. व्याह्यांच्या टोप्यांची पेटी. सात वाराच्या सात टोप्या घालून देणार हाये." एकवीस नंबर. वाळका माणूस म्हणजे तो व्याही!

"माझी हाय ती पेटी."

"तुझीच की रं बाबा. पर रुखवतात नवरीच्याच हातचं म्हणून मांडत्यात समदं. जगाची रीत हाय. ती थर्माकोलची म्हाडी काय अनुपमानं बांधली का? पुण्यास्नं आणली." बायका हसल्या. काकू आत गेल्या आणि एक डबा माझ्या हातात दिला. "बेसनाचं लाडू हायेत. तुझ्या आईला दे."

महिनाभराचे कष्ट, आईचा खण, माझे निळे झालेले हात, आणि नाव दुसऱ्याचं! आणि बदल्यात लाडू! पहिल्यांदा मला भिंतीवर लुटलं, आता रुखवतात. या गावात, या तालुक्यात, शंभूने करायचं आणि खाली दुसऱ्याचं नाव लिहायचं, असा काही ठराव झालाय का?

लाडू चांगले होते. त्याचाही राग आला.

३ मे, रविवार

ठरलं. लग्नाला जाणार. एका कार्डावर जाड पेनने लिहून ठेवलंय: "ही पेटी शंभूने बनवली आहे." रुखवतातलं तिचं कार्ड काढून हे लावणार, चारशे माणसांसमोर. आणि पत्र? राहू दे पेटीत. कवठे येमाईच्या घरात ती दोरी एक दिवस कोणीतरी ओढेलच. मग कळू दे सगळ्यांना, कोणाचं काय होतं ते. माझं कोणी बघितलं का? मग मी का बघू?

७ मे, गुरुवार

लग्न झालं. जसं घडलं तसं लिहितो.

रुखवत ओसरीवर मांडलं होतं. थर्माकोलची माडी, मण्यांचा मोर, सुपारीचे नवरा-नवरी, आणि मधोमध माझी पेटी. कार्ड: "टोप्यांची पेटी. हस्तकला: चि. सौ. कां. अनुपमा." माझ्या खिशात माझं कार्ड. बायकांची गर्दी होती, कडेने सरकत सरकत मी पुढे गेलो.

तेवढ्यात नवऱ्याची आई शेवंताबाई आल्या. धिप्पाड बाई, आवाज मांडवभर. मागे अनुपमा, हळदीची, नवी साडी, बाजूला काकू. शेवंताबाईंनी झाकण उघडलं.

"या बया, सूनबाईनं केली व्हय ही? सुरेख की गं! पर टोपी आत हालतीया. आमच्या मालकाचं डोस्कं काय एवढं मोठं न्हाई." सगळ्या हसल्या. अनुपमाने एकदम कप्प्याकडे बघितलं, मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या आबांच्या डोक्याकडे, आणि मग माझ्याकडे. तिला कळलं. सगळं, तेव्हाच्या तेव्हा.

"कोपरं कसं गं असं गोल वळवलंस?" शेवंताबाईंनी विचारलं. अनुपमा गप्प. "बोल की. आमच्या पोरींनाबी शिकीव." मग त्या सातव्या कप्प्यावर वाकल्या. "आन् ही हिरवी दोरी कशाची म्हणायची?"

त्यांनी दोरी दोन बोटांत धरली.

याच क्षणासाठी आलो होतो मी. काही करायचं नव्हतं, फक्त उभं राहायचं होतं. तीन पानं, तिचं नाव, माझी सही, सासूच्या हातात, बोहल्यावर चढायच्या आधी.

"मावशी, दोरी वडू नगा!"

माझाच आवाज होता. सगळ्या वळल्या.

"का रं? तू कोण?"

"खळ वली हाय अजून. तळ सुटंल."

"तुला काय म्हाईत?"

"पुठ्ठा मीच कापून दिला की. ताईनं सांगितलं तसा." तोंडातून काय निघतंय तेच कळत नव्हतं. "कोपऱ्याला आधी तीन चिरा मारायच्या, मग कागुद वढायचा, ही ताईचीच युगत. आतनंबी कागुद लावायचा, म्हंजी पुठ्ठा वाकत न्हाई. खळीत मोरचूद घालायचा. समदं ताईनंच शिकवलं मला."

"कोण ताई?"

"अनुपमाताई."

मांडवात वाजंत्री चालू होती, तरी मला ती ऐकू येईना. मी पेटी उचलली, "आणा, तळ दाबून देतो" म्हणत भिंतीकडे वळलो, दोरी ओढली, पत्र काढलं आणि खिशात कोंबलं. खिशात आधीच ते कार्ड होतं. तेही तिथेच राहिलं. पेटी पुन्हा मांडली. अनुपमाच्या नावाचं कार्ड तिरकं झालं होतं, ते मीच सरळ केलं. का केलं? मला विचारू नका. माझाच मला इतका राग आलाय की विचारायची सोय नाही.

वळलो तर समोर आबा. त्यांनी एका कप्प्यातली टोपी बाजूला काढली, बोट घालून लांबी बघितली, डोक्यावरची टोपी काढून घडी घातली आणि कप्प्यात ठेवली. चपखल बसली. त्यांनी ती परत डोक्यावर घातली, आधीची जागेवर ठेवली. माझ्या खिशाकडे बघितलं.

"ताई म्हणलास न्हवं?" ते म्हणाले. "मग चल. नवरदेवाचा कान पिळायला भाऊ लागतो. मला पोरगा न्हाई. सकाळधरनं त्योच घोर लागलाय."

"आबा, मला न्हाई..."

"चल म्हणतो ना."

अशा रीतीने मी, शंभू, रविराजच्या मागे उभा राहिलो. गोरा, बरा दिसतो. कानही बरा आहे. भटजी म्हणाले, "पिळा." मी पिळला. त्या पिळ्यात भित्तिपत्रक होतं, ऐंशी पत्रिका होत्या, साडेअकरा इंचाचे सात कप्पे होते, बेसनाचे लाडू होते.

"आवं पाव्हणं! सोडा की! लगीन करायचं का न्हाई मला?" रविराज ओरडला. सगळा मांडव हसायला लागला. शेवंताबाई म्हणाल्या, "भाऊ लई जीव लावणारा दिसतूय!"

अनुपमाही हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "शंभू, सोड आता."

सोडला.

कान पिळणाऱ्याला नवऱ्याकडून मान द्यावा लागतो. नवऱ्याच्या वडलांजवळ ऐनवेळी काहीच नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, रुखवतातली पेटी उघडली, सातव्या कप्प्यातली टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. एकवीस नंबर. माझ्या डोक्यावर ती अशी बसली की टाळ्या वाजवणाऱ्यांनासुद्धा हसू आवरेना.

वरात गेली. पेटीत सहा टोप्या गेल्या.

८ मे, शुक्रवार

पत्र चुलीत घातलं. तीन पानं होती, दूधसुद्धा तापलं नाही.

आईला म्हटलं, "खण कशासाठी ठेवला हुता?"

"तुझ्या बायकूच्या वटीला."

"मग कापताना बोलली का न्हाईस?"

"कापून झाल्यावर बघितलं. आन् तुझं तोंड बघून वाटलं, कामालाच लागला की."

या घरात सगळ्यांना सगळं कळतं, आणि मला कोणी काही सांगत नाही!

दादा लग्नासाठी सुट्टी काढून आलेत. बाहेर बाजेवर बसले होते. ती टोपी त्यांच्यापुढे टाकली. "घ्या. मला हुत नाय." त्यांनी स्वतःची जुनी, पिवळी पडलेली टोपी काढली आणि ही घातली. नीट बसली. एकवीस. आपल्या बापाच्या डोक्याचा नंबर मला आजवर ठाऊक नव्हता. आबांचा ठाऊक होता.

"पेटी चांगली झाली हुती," दादा म्हणाले.

"कुठली?"

"रुखवतातली. तुझी."

"तिच्यावर नाव दुसऱ्याचं हुतं."

"वाचलं न्हाई मी. खण वळखला." मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, दोन बोटांनी घडी घातली. "ही कुठं ठेवायची आता? कंपनीत लई धूळ असती."

उद्या मामांकडे जाणार. पायाशी गठ्ठा आपटला त्याबद्दल बोलणी खाईन आणि पुठ्ठा मागीन. बत्तीस औंसाचा. एकच कप्पा, साडेदहा इंच. नाव घालणार, आणि ते आत लपवून नाही, झाकणावर, ठळक.

आतून लावायला कागद लागतो, नाहीतर झाकण वाकतं. अर्थशास्त्राची चाळीस पानं आत्ताच फाडून ठेवली.